जोड लावण्याआधी : बीगलची एमएलएस चाचणी

बीगलची पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की चालायला शिकतात. पोटावर घसरतात, एकमेकांवर आपटतात, चार पाय चार दिशांना जातात. त्या गोंधळात एखादंच पिल्लू पंजा पूर्ण न टेकता, बोटांच्या अगदी टोकांवर ताठ चालताना दिसलं, तर त्याचं कौतुक करण्याआधी त्याच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून बघा. एरवी बीगलच्या पिल्लाची ही कातडी मूठभर हातात येते. या पिल्लाची येत नाही, अंगाला डकवल्यासारखी ताणलेली असते. मग डोकं बघा. कवटी रुंद आणि सपाट, डोळे बारीक आणि किंचित तिरके, कान जरा वर बसलेले आणि त्यांवर घडी पडलेली. पंजांची बाहेरची बोटं आखूड. भावंडांपेक्षा चण लहान, पण उचललं तर छोट्या पैलवानासारखं घट्ट. स्वभाव मात्र इतका लाघवी की काही बिघडलंय हे मानायला मन तयार होत नाही.

हा मुस्लाडिन-लूके सिंड्रोम, थोडक्यात एमएलएस. मुस्लाडिन दांपत्य आणि एडा लूके या अमेरिकेतल्या बीगल पाळणाऱ्या मंडळींनी या विकाराच्या नोंदी नेटाने ठेवल्या, त्यांचं नाव त्याला मिळालं. त्याआधीचं नाव तिरक्या डोळ्यांवरून एका देशाच्या माथी मारलेलं होतं, ते टाकलं गेलं हे बरंच झालं. विकार संयोजी ऊतींचा आहे. कातडी, सांधे, स्नायूंची आवरणं यांना बांधून ठेवणारं जे जाळं शरीरात असतं, ते इथे वाजवीपेक्षा दाट आणि ताठ होतं. विकाराची वाढ बहुधा वर्षभरात थांबते आणि मग कुत्रा त्याच अवस्थेत स्थिरावतो. काहींना फिट्स येतात. औषधाने हे जात नाही.

मूळ एका अक्षराच्या चुकीत आहे. एडीएएमटीएसएल२ या जनुकात सी या अक्षराच्या जागी टी आलंय, आणि त्यामुळे प्रथिनातल्या २२१व्या जागेवर आर्जिनिनऐवजी सिस्टीन बसतं. सिस्टीनला दुसऱ्या सिस्टीनशी गाठ मारायची खोड असते. म्हणून प्रयोगशाळेत पेशींकडून हे प्रथिन तयार करून घेतलं तेव्हा त्याचे दोन-दोन रेणू एकमेकांना अडकलेले सापडले, आणि पेशीबाहेर ते पडलंही कमी. हे संशोधन २०१० साली प्रसिद्ध झालं. त्यात क्लीव्हलँड क्लिनिकमधले सुनील आपटे होते, हे वाचून मराठी माणसाने कॉलर ताठ केली तर मी हसणार नाही. माणसांतही याच जनुकातल्या बिघाडाने एक दुर्मीळ आजार होतो, जेलिओफिझिक डिस्प्लेझिया : बुटकेपणा, जाड कातडी, ताठ सांधे आणि सदा हसरा दिसणारा चेहरा. बीगलच्या लाघवीपणाची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही.

आता मुद्द्याचं. सापडलेल्या सगळ्या एमएलएस बीगलांत चूक हीच होती, म्हणजे ती कधीतरी एकाच पूर्वजाकडून पसरली. त्यामुळे चाचणी सोपी झाली : एकच जागा वाचायची आणि अक्षर कोणतं ते सांगायचं. विकार व्हायला आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. एकच प्रत असलेला कुत्रा वाहक, आणि वाहक दिसायला, पळायला, खायला शंभर टक्के निरोगी असतो. नुसत्या नजरेने वाहक ओळखतो असं म्हणणाऱ्या ब्रीडरकडून पिल्लू घेऊ नका. म्हणून पुढे दिलेली चाचणीची कृती आजारी कुत्र्यापेक्षा धडधाकट कुत्र्यासाठी जास्त आहे.

कोणाची करायची, कधी करायची

ज्या नर-मादीची जोड लावायची आहे त्या दोघांची. मादी माजावर आल्यावर धावाधाव करू नका. माज साधारण सहा-सात महिन्यांनी येतो, आणि तो आला की स्टडचा मालक फोनवर फोन करतो, तेव्हा अहवालाची वाट बघायचा धीर कोणाला उरत नाही. आपल्याकडे कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७चे केंद्रीय नियम आहेत. त्यांप्रमाणे मादी १८ महिन्यांची होईपर्यंत तिच्याकडून वेत घ्यायचं नसतं. तेवढ्या काळात दहा वेळा चाचणी करून होईल. डीएनए वयाने बदलत नाही. पाच आठवड्यांच्या पिल्लाचा आणि पाच वर्षांच्या कुत्र्याचा निकाल तोच, आणि चाचणी एकदा केली की जन्मभर पुरते.

वाहक जोडीतून वेत झालंच असेल, तर पिल्लं पाच-सहा आठवड्यांची असताना नमुने घ्या. त्याच नियमांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे, त्यामुळे मधला वेळ हाताशी असतो.

वर वर्णन केलंय तसं पिल्लू घरात असेल तर आधी पशुवैद्याकडे जा. बोटांवर चालणं, ताठपणा, लहान चण यांना दुसरी कारणंही असतात. शिवाय कातडी सैल असेल, रबरासारखी ताणली जात असेल आणि जरा ओरखडा लागताच फाटत असेल, तर गोष्ट नेमकी उलटी आहे. तो एहलर्स-डॅनलॉस प्रकारचा विकार असू शकतो. २०१९ साली कोलेजनच्या सीओएल५ए१ या जनुकातले दोन वेगवेगळे बिघाड कुत्र्यांत नोंदले गेले, एक लॅब्रॅडॉरमध्ये, दुसरा संकरित कुत्र्यात. एमएलएसच्या चाचणीला त्यातलं काहीच दिसणार नाही. लोक 'संयोजी ऊतींची चाचणी' असं मोघम म्हणतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. चाचणी एका जनुकातल्या एका जागेची असते.

साहित्य

प्रयोगशाळेने पाठवलेले ब्रश, दरेक कुत्र्यामागे दोन तरी. हा ब्रश लांब दांडीचा, टोकाला बारीक केसांचा असतो, मस्काऱ्याच्या ब्रशाचा धाकटा भाऊ म्हणा. काही ठिकाणी कापसाचा स्वॅब देतात. घरातले कान साफ करायचे बोळे चालतील का, हे प्रयोगशाळेला विचारल्याशिवाय वापरू नका. कागदी पाकिटं. बॉलपेन, कारण शाईचं पेन ओल्या हाताने पसरतं. कुत्र्याच्या मायक्रोचिपचा १५ अंकी क्रमांक आणि केनेल क्लबची नोंदणी. पाण्याची वाटी. आणि काम झाल्यावर द्यायचा खाऊ, पण तो डब्यात, डबा दुसऱ्या खोलीत आणि दार बंद. बीगलला झाकण लागलेल्या डब्याचाही वास येतो.

ऑर्डर देताना एमएलएस हे नाव आणि जनुकाचं नाव दोन्ही तपासून घ्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुजनुकीय प्रयोगशाळेत ही चाचणी स्वतंत्रपणे होते, आणि शेकडो विकार एकदम तपासणाऱ्या मोठ्या पॅनेलांतही ती असते. स्वतंत्र घ्यावी की पॅनेल? नुसती जोड ठरवायची असेल तर स्वतंत्र पुरते. पण बीगलच्या बाबतीत एका ब्रशात आणखी दोन-तीन गोष्टी बघून घेतल्या तर पैसे वाया जात नाहीत : रक्त गोठवणाऱ्या घटक सातची कमतरता, लॅफोरा हा मिरगीचा प्रकार, आणि काचबिंदू. बीगलमधल्या काचबिंदूच्या एका प्रकाराचं जनुक एडीएएमटीएस१०, म्हणजे आपल्या एमएलएसच्या जनुकाचंच चुलत भावंड.

नमुना भारतातून बाहेर जाणार असेल तर कुरिअर बोलावण्याआधी प्रयोगशाळेला ईमेल करून विचारा : पाकिटावर काय लिहायचं, सोबत कोणतं पत्र जोडायचं. उत्तराची प्रत पाकिटात घाला.

गालाचा नमुना

नमुन्याआधी तासभर कुत्र्याला काही खायला देऊ नका, हाड आणि खेळणंही नको. दूध पिणाऱ्या पिल्लांना आईपासून दीड-दोन तास वेगळं ठेवा, कारण दुधात आईच्या पेशी असतात आणि त्या पिल्लाच्या गालाला चिकटतात. आई वाहक असेल तर निरोगी पिल्लूही कागदावर संशयित ठरतं. एका वाटीत तोंड घालणारे, एकमेकांचे कान चावणारे दोन कुत्रे असतील तर त्यांनाही तेवढाच वेळ लांब ठेवा. मग पाणी पाजा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा.

पाकिटावर कुत्र्याचं नाव आणि चिपचा क्रमांक ब्रश उघडण्याआधी लिहा. हे वाक्य मी अनुभवातून लिहितोय. माझ्याकडे एका वेतातल्या दोन बहिणी होत्या, सोनी आणि झिपरी. दोघींचे ब्रश मी एका पाठोपाठ एक काढले आणि सुकायला एकाच ग्लासात उभे केले. पाकिटं नंतर लिहू म्हटलं. तेवढ्यात फोन आला. परत आलो तर ग्लासात चार ब्रश, आणि सोनीचे कोणते, झिपरीचे कोणते, हे देवालाही सांगता आलं नसतं. चारही टाकले, नवे मागवले, तीन आठवडे गेले. एकाच वेतातल्या सख्ख्या बहिणींत अदलाबदल झाली तर प्रयोगशाळेलाही ती सहजी कळत नाही. वंश तोच, रंग तोच, आणि दोघीही माद्याच.

म्हणून एका वेळी एकच कुत्रा, टेबलावर एकच पाकीट. चिप रीडर मिळाला तर क्रमांक त्याच वेळी वाचून घ्या, फाइलमधून उतरवू नका.

कुत्र्याला बसवा, कोणीतरी मागून खांदे धरावेत. हात धुवा. ब्रशचं टोक कशालाही लागू देऊ नका, फुंकरही नको. ओठाची कड बोटाने उचलून ब्रश गाल आणि हिरडी यांच्या मध्ये सरकवा आणि तो गालाच्या आतल्या बाजूवर दाबून गोल फिरवा, दहा-पंधरा सेकंद. बाहेरून गालावर ब्रशचा फुगवटा फिरताना दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर तुम्ही लाळ गोळा करताय. लाळेने भिजून चकचकीत झालेला ब्रश बघून समाधान वाटतं, पण आपल्याला हव्यात गालाच्या आवरणाच्या पेशी, आणि त्या खरवडल्याशिवाय येत नाहीत. रक्त येईल इतका जोर अर्थातच नको. जिभेवर, दातांवर ब्रश नको. दुसरा ब्रश दुसऱ्या गालात.

बीगल या सगळ्यात ब्रश चघळायला बघतो. चघळलाच तर तो ब्रश टाका.

मग सुकवणं. हवेवर, सावलीत, टोक कशाला न टेकवता अर्धा तास. जुलै-ऑगस्टमध्ये, आणि कोकणात तर जूनपासूनच, अर्ध्या तासात काही सुकत नाही. पंख्याखाली दोन-तीन तास ठेवा. ओला ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत घातला की त्यावर बुरशी धरते आणि प्रयोगशाळेकडून 'नमुना अपुरा' एवढंच उत्तर येतं. सुकल्यावर कागदी पाकिटात. फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र विसरू नका.

ब्रश दोन वेळा नापास झाला, किंवा कुत्रा तोंडाला हातच लावू देत नसेल, तर पशुवैद्याकडून रक्त काढून घ्या, ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत. रक्तात डीएनए भरपूर असतो आणि भेसळीचा प्रश्न जवळजवळ नसतो. मात्र रक्ताच्या नळीला ब्रशासारखं पोस्टाच्या भरवशावर सोडता येत नाही. ती कशी पाठवायची हेही आधी विचारा.

अहवाल

प्रयोगशाळेत फार जादू नसते. पेशींतून डीएनए काढतात, त्या एका जागेच्या कोट्यवधी प्रती करतात, आणि सी आहे की टी ते वाचतात. कोविडमुळे पीसीआर हा शब्द आता आजीलाही माहीत आहे, तंत्र तेच.

उत्तर तीनपैकी एक. एन/एन म्हणजे दोन्ही प्रती चांगल्या. एन/एमएलएस म्हणजे वाहक. एमएलएस/एमएलएस म्हणजे बाधित. अहवाल उघडल्यावर निकालाच्या रकान्याआधी वरचा भाग वाचा : नाव, चिपचा क्रमांक, नर की मादी. तिथे चूक असेल तर खालचं अक्षर कितीही गोड असलं तरी निरुपयोगी.

बाधित आलेल्या कुत्र्याने तोवर कसलीच लक्षणं दाखवली नसतील तर नमुना पुन्हा घ्या. एकदा चुकलेला ब्रश हे अधिक संभाव्य कारण असतं.

जोडी ठरवणं

इथे माझं मत ठाम आहे, आणि अनेक ब्रीडरांशी ते जुळत नाही. वाहक कुत्रा फेकायचा नसतो. चांगल्या नाकाचा, चांगल्या स्वभावाचा, मजबूत पाठीचा नर केवळ एका प्रतीपायी पैदाशीतून काढला की त्याच्याबरोबर त्याची हजारो चांगली जनुकं जातात. असं सगळ्यांनी केलं की उरलेल्या चार नरांकडे गर्दी होते. मग एमएलएस जातो आणि दुसरं काहीतरी येतं. वाहकाला एन/एन जोडीदार द्या. अशा जोडीच्या प्रत्येक पिल्लाला वाहक होण्याची शक्यता निम्मी, बाधित होण्याची शून्य. मग वेतातल्या पिल्लांचे ब्रश घ्या आणि पुढच्या पिढीसाठी एन/एन पिल्लू ठेवा. दोन पिढ्यांत प्रत जाते, कुत्रा राहतो.

दोन वाहकांची जोड मात्र नाही. प्रत्येक पिल्लाला २५ टक्के बाधित, ५० टक्के वाहक, २५ टक्के मोकळं म्हणजे एन/एन, अशी शक्यता. आणि इथे माणूस फसतो. सहा पिल्लांच्या वेतात एकही बाधित निघालं नाही, असं होण्याची शक्यता तब्बल १८ टक्के असते. असं एक वेत झालं की मालक छातीठोकपणे सांगतो, आमच्या लाइनमध्ये काही नाही. प्रत्यक्षात अशा जोडीच्या निरोगी दिसणाऱ्या पिल्लांत तीनामागे दोन वाहक असतात, आणि ती आता तीन शहरांत पोचलेली असतात.

दोन एन/एन आईबापांची पिल्लं चाचणीशिवाय मोकळी धरता येतात, पण बाप तोच असल्याची खात्री हवी. कुत्रीच्या एका वेतात दोन बापांची पिल्लं असू शकतात. माजात गच्चीवरून शेजारचा कोणी आला-गेला असेल तर पितृत्वाची चाचणी त्याच ब्रशातून करून घ्या. आणि 'आईबाप मोकळे होते' या शब्दावर तीन-चार पिढ्या काढू नका, मध्ये एकदा ब्रश घ्या.

बाधित कुत्र्याची जोड लावायची नाही, नसबंदी करायची. बाकी तो घरात राहू शकतो. जिना आणि गुळगुळीत फरशी त्याला जड जाते, म्हणून चटया टाका. वजन वाढू देऊ नका, बीगलच्या घरात हे सांगणं सोपं आहे. लस टोचताना पशुवैद्याला आधी सांगा, कारण कातडीखाली सुई घालायला मानेमागे जागाच नसते; नवख्या डॉक्टरचा गोंधळ उडतो. फिट आली तर वेळ मोजा आणि व्हिडिओ काढा, त्याचा उपयोग उपचाराला होतो.

कागद

अहवालाची एक प्रत चिपच्या कागदाला टाचा, एक पिल्लू घेणाऱ्याला द्या, वाहक असलं तरी द्या. अमेरिकेत ओएफए या संस्थेच्या खुल्या नोंदवहीत असे निकाल कुत्र्याच्या नावासह लागतात, कोणीही बघू शकतं. तिथल्या बीगल क्लबने आरोग्यनोंदीच्या यादीत ही चाचणी धरली आहे. आपल्याकडे पिल्लू विकताना वंशावळ लॅमिनेट करून देतात आणि निकाल विचारला तर तोंडी सांगतात. तोंडी निकाल धरू नका. कागद मागा, कागदावरचा चिपचा क्रमांक पिल्लाच्या आईबापाच्या क्रमांकाशी जुळतो का ते रीडर लावून बघा. आणि न वापरलेला एखादा ब्रश उरला असेल तर पाकिटासकट कपाटात ठेवा, पुढच्या वेताला उपयोगी पडेल.